हात धुण्याचे धडे पुरेत, बाटली खाटेला अडकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

५ मे हा जागतिक हस्तस्वच्छता दिन. त्यानिमित्त आपण मुंबई आवृत्तीत एका रुग्णालयातल्या कार्यक्रमाचं छायाचित्र छापलं होतं. प्रमुख पाहुणे कोपरापर्यंत फेस करून कॅमेऱ्याकडे बघताहेत, मागे हात धुण्याच्या पायऱ्यांचा फलक, बाजूला नर्सिंगच्या मुली टाळ्या वाजवताहेत. छायाचित्राबद्दल तक्रार नाही. पण ते पाहुणे त्या दिवशी एकाही पेशंटला हात लावणार नव्हते. ज्यांना लावायचा होता त्या वॉर्डातल्या सिस्टरांना कार्यक्रमाला यायला सवड मिळाली नसणार. त्यांच्या वतीने, कुणी सांगितलेलं नसताना, हे पत्र लिहिते आहे.

मुंबईतल्या एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात मी स्टाफ नर्स म्हणून लागले आणि परिसेविका, म्हणजे वॉर्डाची प्रमुख सिस्टर, म्हणून निवृत्त झाले. मेडिसिन, सर्जरी, मधली काही वर्षं नवजात बाळांचा विभाग, शेवटी पुन्हा सर्जरी. या सगळ्या नोकरीत हात का धुवायचे हे ठाऊक नसलेला माणूस मला भेटला नाही. पहिल्या वर्षाच्या मुलीपासून वॉर्डातल्या मावशींपर्यंत कुणालाही विचारा, घडाघडा सांगतील. पेशंटला हात लावण्याआधी, इंजेक्शन किंवा ड्रेसिंगसारखं निर्जंतुक काम करण्याआधी, रक्त-लघवी-पू हाताला लागण्याचा संभव आला त्यानंतर, पेशंटला हात लावून झाल्यावर, आणि नुसती त्याची खाट, लॉकर, सलाईनचा स्टँड यांना हात लागला तरी त्यानंतर. जागतिक आरोग्य संघटनेचे हे पाच प्रसंग आमच्या भिंतींवर मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तिन्ही भाषांत लावलेले होते. फलकाचा रंग उडाला की नवा येई. कमतरता ज्ञानाची नव्हतीच. हात साफ करायला जे लागतं ते हाताशी नव्हतं, आणि मी बाहेरून बघते त्यावरून अजूनही पुष्कळ ठिकाणी नाही.

वाचकांना वॉर्ड डोळ्यांसमोर यावा म्हणून सांगते. खाटा चाळीस. पेशंट त्याहून जास्त, कारण मुंबईच्या सार्वजनिक रुग्णालयातून कुणाला परत पाठवत नाहीत, खाली गादी घालून घेतात. रात्रपाळीला दोन सिस्टर, नशीब असेल तर सोबत एखादी विद्यार्थिनी. सकाळी सहाची अँटिबायोटिक्स असतात. समजा तीस जणांना द्यायची आहेत. बेसिन वॉर्डाच्या टोकाला, बेडपॅन धुण्याच्या खोलीला लागून. साबण-पाण्याने हात नीट धुवायचे तर ४० ते ६० सेकंद लागतात, कोरडे करणं त्यातच आलं. जाऊन यायला, वाटेत खालच्या गाद्या चुकवत, आणखी एक मिनिट धरा. तीस इंजेक्शनांमागे तासभर नुसता हात धुण्यात गेला. तोवर सात वाजले. शेवटच्या पेशंटचा डोस तासाभराने उशिरा, टीपीआर (ताप, नाडी, श्वास यांची नोंद) राहिला, ड्रेनच्या पिशव्या मोजायच्या राहिल्या, आणि सकाळची सिस्टर ओव्हर, म्हणजे पाळीचा ताबा, घ्यायला दारात उभी. मग सिस्टर काय करते? दोन-चार पेशंट झाले की एकदा धुते. यात आळस नाही की बेफिकिरी नाही. ती ज्या वेळात जे बसवता येईल ते बसवते.

अल्कोहोलचं द्रावण आलं ते या अडचणीवर. तळहातावर घ्यायचं, वीस ते तीस सेकंद सगळीकडे चोळायचं, वाळलं की काम झालं. नळ नको, टॉवेल नको, चालत जाणं नको. मात्र एका अटीवर: बाटली पेशंटच्या खाटेपाशी पाहिजे. ती बेसिनवर ठेवली तर पुन्हा चालणं आलंच.

आणि आमच्याकडे ती बेसिनवरही नसायची. कपाटात असायची, कुलपात.

हे बाहेरच्यांना खरं वाटणार नाही, पण वॉर्डातल्या वस्तूंचा हिशेब परिसेविकेच्या डोक्यावर असतो. थर्मामीटर फुटलं, चादर कमी भरली, स्पिरिट जास्त खपलं, तर जबाब तिला द्यावा लागतो. स्टोअरमध्ये इंडेंट (सामानाची मागणी) घेऊन मावशींना पाठवलं की तिथून ठराविक प्रश्न येई, ‘मागच्याच आठवड्यात नेलंत ना? एवढं कसं संपलं?’ बाहेर ठेवलेल्या बाटल्या नाहीशा होतात हेही खोटं नाही. कधी नातेवाईक पिशवीत टाकतात, कधी आपलेच लोक नेतात, आणि त्यात अल्कोहोल आहे म्हणून ते पिणारेही असतात. तेव्हा सिस्टर काय करणार? एक बाटली ड्रेसिंग ट्रॉलीवर, एक डॉक्टरांच्या टेबलावर, बाकीच्या कपाटात आणि किल्ली पदराला. माठाला कुलूप घालून पाहुण्याला ‘पाणी प्या हं’ म्हणण्यातलाच हा प्रकार.

इतक्या वर्षांत जास्त वापरल्याबद्दल माझ्याकडे अनेकदा खुलासा मागितला गेला. ‘सिस्टर, तुमच्या वॉर्डात या महिन्यात इतकं कमी कसं लागलं?’ असं मात्र एकदाही कुणी विचारलं नाही. मला या पत्रात सांगायचंय ते एवढंच, पुढचं सगळं त्याचाच विस्तार आहे.

२०२० साली करोनात चित्र पालटलं होतं. लिफ्टपाशी, ओपीडीत, प्रत्येक खाटेच्या पायाशी बाटली. पायाने दाबायचे स्टँड तर सोसायट्यांच्या गेटपासून वाण्याच्या दुकानापर्यंत पोचले होते. तेव्हा कुणी हिशेब मागितला नाही आणि मुंबई बुडाली नाही. लाट ओसरली, बाटल्या रिकाम्या झाल्या, त्या कुणी भरल्या नाहीत. ते स्टँड आता जिन्याखाली गंजत पडलेले दिसतात. आमच्या भांडुपच्या सोसायटीत त्याला कुणीतरी मनीप्लांट लावलाय.

व्हिएन्नाच्या सेमेलवाइस डॉक्टरांची गोष्ट प्रत्येक नर्सिंग शाळेत शिकवतात, पण तिचा अर्धाच भाग शिकवतात. तिथल्या मोठ्या रुग्णालयात बाळंतपणाचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी, दुसऱ्यात सुइणी. डॉक्टरांच्या विभागात बाळंतिणी तापाने जास्त मरत. का, ते कुणाला कळेना. एका सहकाऱ्याला शवविच्छेदन करताना सुरी लागली, तो गेला, आणि त्याच्या शरीरात बाळंतिणींसारखीच लक्षणं सापडली, तेव्हा सेमेलवाइसच्या डोक्यात प्रकाश पडला. डॉक्टर शवागारातून थेट बाळंतिणींकडे येत होते, सुइणी शवविच्छेदन करत नव्हत्या. १८४७ च्या मे महिन्यात त्यांनी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुणं सक्तीचं केलं. एप्रिलमध्ये त्या विभागात शंभरातल्या अठराहून जास्त बाळंतिणी दगावल्या होत्या. जुलै-ऑगस्टमध्ये ते प्रमाण दोनच्याही खाली आलं. इथपर्यंत सगळे शिकवतात. पण हे सिद्ध झालं ते त्यांनी दर महिन्याचे आकडे मांडले म्हणून, हे कुणी सांगत नाही. आणि आकडे डोळ्यांसमोर असूनही वरिष्ठांना पटलं नाही, कारण त्याचा सरळ अर्थ ‘आमच्या हातांनी बायका मेल्या’ असा होत होता. दोन वर्षांत त्यांची तिथली नेमणूक संपली. १८६५ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात ते गेले.

वरिष्ठांचा विषय निघालाच आहे तर सांगते. सकाळचा राऊंड म्हणजे पुढे मोठे सर, मागे लेक्चरर, रजिस्ट्रार, हाऊसमन, विद्यार्थी अशी वरात. सर पोटाला हात लावून बघतात, त्यांच्यामागून चौघे बघतात, सगळे पुढच्या खाटेकडे सरकतात. सरांना ‘हात’ म्हणून कोण सांगणार? मी परिसेविका असून माझीही जीभ रेटत नसे. पण आमच्याकडे एक सर्जन होते, फारसे बोलत नसत. प्रत्येक खाट झाली की ते काही न बोलता दोन्ही हात पुढे करून थांबायचे. सिस्टर बाटली दाबायची, ते चोळायचे, आणि ते चोळत असताना मागच्या सगळ्यांना हात पुढे करावेच लागायचे. राऊंड पाच-सात मिनिटं लांबायचा. त्यांची बदली झाली आणि पंधरवड्यात सगळं पूर्ववत. माणसाच्या चांगुलपणावर बेतलेली पद्धत त्या माणसाबरोबर जाते हे मी तेव्हा बघितलं.

आता ग्लोव्ह्ज. करोनानंतर हा एक नवीनच गैरसमज रुजलाय की ग्लोव्ह्ज घातले म्हणजे हात स्वच्छ. माझ्या मोठ्या जाऊबाई खुब्याचं हाड मोडून उपनगरातल्या एका खाजगी रुग्णालयात होत्या. चकचकीत जागा, स्वागतकक्षात ऑर्किडची फुलं. त्यांच्या उशाशी मी बसले होते. एक मुलगा आला, पलीकडच्या पेशंटची लघवीची पिशवी रिकामी केली, मग यांची केली. त्याच ग्लोव्ह्जनी यांच्या सलाईनची नळी सरळ केली, उशी ठीक केली, आणि जाताजाता पडदा सारला. मी म्हटलं, ‘दादा, ग्लोव्ह्ज बदल ना रे.’ तो अगदी नम्रपणे म्हणाला, ‘मावशी, घातलेत ना!’ आणि हात उंचावून दाखवले. त्याचं काही चुकतंय असं त्याला खरोखर वाटत नव्हतं. ग्लोव्ह्ज त्याचं रक्षण करत होते. जाऊबाईंचं करत नव्हते. रबराच्या पृष्ठभागावर जंतू हातावर बसतात तसेच बसतात, आणि ग्लोव्ह्ज काढताना ते हाताला लागतात, म्हणून काढल्यावरही हात साफ करायचे असतात. जाऊबाईंना पुढे लघवीचा जंतुसंसर्ग झाला. तो त्याच हातातून आला असं छातीठोकपणे सांगता येणार नाही, कॅथेटर (लघवीची नळी) असलं की तो धोका असतोच. पण मुक्काम वाढला, ‘वरचं’ अँटिबायोटिक चालू झालं, आणि बिल बघून भाऊजींनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. त्या खोलीत बाटली होती, पण दाराबाहेर, शोभेच्या कोनाड्यात.

म्हणजे हे दुखणं फक्त गरिबांच्या रुग्णालयांचं नाही.

बेसिनबद्दल थोडं सांगायला हवं, कारण अल्कोहोल आलं म्हणून साबण-पाणी सुटत नाही. हाताला रक्त, घाण, चिकट काही दिसत असेल तर अल्कोहोल उपयोगाचं नाही, धुवावेच लागतात. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा एक जुलाबाचा जंतू आहे, त्याचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत, तिथेही पाणीच. पण आमचं बेसिन कसं असतं? साबणाची वडी पाण्यात लोळून लिबलिबीत झालेली. नाहीतर लिक्विड सोपची बाटली, जिच्यात जुनं संपायच्या आत वरून नवं ओततात. अशा बाटलीत तळाशी जंतू वाढतात हे ओतणाऱ्याला कुणी सांगितलेलंच नसतं. खिळ्याला एक टॉवेल, सकाळी पांढरा, दुपारी ओला, रात्री कसला ते विचारू नका. ओल्या हातांवरून जंतू जास्त सहज पसरतात, तेव्हा धुतलेला हात त्या टॉवेलला पुसणं म्हणजे सगळं मुसळ केरात. आम्ही जुन्या चादरींचे लहान रुमाल कापून ऑटोक्लेव्ह करून, म्हणजे दाबाच्या वाफेत निर्जंतुक करून, ठेवायचो, एका हातपुसणीला एक. छान चाललं होतं. नंतर फाटक्या चादरी कंडेम केल्याशिवाय, म्हणजे कागदोपत्री बाद ठरवल्याशिवाय, कापायच्या नाहीत असा नियम काढला आणि रुमाल बंद पडले. शिवाय त्याच बेसिनमध्ये नातेवाईक डबे विसळतात, उरलेला चहा ओततात, कधी उरलेलं सलाईनसुद्धा तिथेच जातं. तोटीच्या खालच्या त्या भोकात स्यूडोमोनाससारखे जंतू सुखाने नांदतात आणि नळ जोरात सोडला की शिंतोड्यांबरोबर वर येतात. हात धुण्याचं बेसिन हात धुण्यासाठीच असलं पाहिजे आणि भांड्यांसाठी वेगळी मोरी हवी. यासाठी काही जागतिक संघटना लागत नाही, एक प्लंबर लागतो.

प्रशिक्षणाला माझा विरोध नाही. एक प्रशिक्षण तर मी दरवर्षी मागून घ्यायचे. अंधारात चमकणारं लोशन हाताला लावायचं, नेहमीसारखे हात धुवायचे, मग खोलीत काळोख करून निळ्या दिव्याखाली धरायचे. जिथे पाणी-साबण पोचला नाही तिथे लोशन चमकतं. पहिल्यांदा बघणाऱ्याचा चेहराच उतरतो. तळवे स्वच्छ, आणि अंगठे दोन्ही बाजूंनी लखलखत असतात! बोटांची टोकं, नखांच्या कडा, बेचक्या चमकतात. अंगठीखाली तर कडंच दिसतं. आणि पेशंटला आपण स्पर्श करतो कशाने? नाडी बघतो बोटांच्या टोकांनी, सलाईनची सुई धरतो अंगठा आणि तर्जनीने. तळव्याने कुणी शीर शोधत नाही. एका रजिस्ट्रारच्या मनगटात सिद्धिविनायकाचा लाल दोरा होता, अनेक आठवड्यांचा, धुऊन धुऊन काळपट झालेला. दिव्याखाली तो आख्खा दोरा पेटल्यासारखा दिसला. पोरगा बिचारा ओशाळला. मी म्हटलं, बाप्पा खिशात ठेवलेल्या दोऱ्यालाही पावतो. आमच्या काळी मेट्रन (सगळ्या सिस्टरांच्या प्रमुख) मनगटात घड्याळ बांधू देत नसत, छातीवर पिनेने लावायचं, उलटं. आता सगळ्यांच्या मनगटावर ती पट्ट्याची घड्याळं असतात, पावलं मोजणारी. मोजा बापडे, पण ड्युटीवर ती काढून ठेवा.

आणखी एक गोष्ट, जिचा विचार कुठल्याच फलकावर नसतो. आपल्या वॉर्डात निम्मी शुश्रूषा नातेवाईक करतात. पाणी पाजणं, अंग पुसणं, बेडपॅन देणं, कुशीवर वळवणं. आणि मुंबईचा माणूस फक्त स्वतःच्या पेशंटचं करत नाही. तीन नंबरच्या आजोबांकडे कुणी नसलं तर चार नंबरची सून त्यांना चमच्याने पेज भरवते, पाच नंबरचा भाऊ त्यांना उचलून बसवतो. या माणुसकीवर आमचे वॉर्ड चालतात, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण हेच हात एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जातात, त्यांना कुणी काही शिकवलेलं नसतं आणि कुठलीच तपासणी त्यांना मोजत नाही. मावशी आणि मामा यांचीही तीच गत. खाटेच्या पायाशी बाटली असेल तर सिस्टर जाताजाता सुनेला म्हणू शकते, ‘ताई, आधी हे लावा, मग आजोबांना भरवा.’ बाटली नसेल तर म्हणून काय उपयोग? जा, त्या टोकाला रांग लावा, म्हणायचं?

किती जणांना हा त्रास होतो ते जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या अहवालात दिलंय. श्रीमंत देशांत रुग्णालयात दाखल झालेल्या शंभरांपैकी सातजणांना, आणि आपल्यासारख्या कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांत पंधराजणांना, दाखल असताना निदान एक नवा संसर्ग होतो. ज्यांना होतो त्यांच्यातला सरासरी दहातला एक दगावतो. म्हणजे माणूस एका दुखण्यासाठी येतो आणि दुसरं आम्ही देतो. त्यातून क्लेबसिएला, ॲसिनेटोबॅक्टर असले जंतू आता साध्या अँटिबायोटिकला दाद देत नाहीत. नवजात बाळांच्या विभागात असल्या जंतूचा कल्चर रिपोर्ट आला की आम्ही एकमेकींकडे बघायचो आणि कुणी काही बोलायचं नाही. त्याबद्दल जास्त लिहिवत नाही.

आता उपाय. हात धुतात की नाही हे तपासायला हल्ली ऑडिट करतात. कुणीतरी पॅड आणि पेन घेऊन कोपऱ्यात उभं राहतं आणि टिकमार्क करतं. ते कोपऱ्यात दिसलं की सगळा वॉर्ड हात धुऊ लागतो. त्या दिवशीचे आकडे उत्तम येतात, वर जातात, फाईलला लागतात. रात्री तीन वाजता कुणी पॅड घेऊन येत नाही. मला हे ऑडिट बंद करा म्हणायचं नाही, पण त्याच्या जोडीला एक मोजमाप असं हवं जे झोपत नाही आणि ज्याला बघून कुणी सावरून बसत नाही. ते म्हणजे किती लिटर द्रावण खपलं.

जगात ते दर हजार रुग्णदिवसांमागे किती लिटर असं मोजतात. एक पेशंट एक दिवस राहिला की एक रुग्णदिवस. जागतिक आरोग्य संघटनेच्या स्वमूल्यमापनाच्या तक्त्यात निदान २० लिटर धरलेत. सोप्या भाषेत, एका पेशंटमागे दिवसाला २० मिलिलिटर. एका वेळी साधारण ३ मिलिलिटर लागतं, तेव्हा ही झाली सहा-सात वेळची सोय, डॉक्टर, सिस्टर, मावशी, रक्त काढणारा, सगळे धरून. फार मोठी मागणी नाही ही. चाळीस पेशंटच्या वॉर्डाला दिवसाला ८०० मिलिलिटर, महिन्याला २४ लिटर, म्हणजे अर्ध्या लिटरच्या ४८ बाटल्या. कुठल्याही वॉर्डाची इंडेंट वही काढा आणि बघा ४८ भरतात का. मी माझ्या वह्या आठवते तेव्हा हे गणित पुढे सरकवावंसंच वाटत नाही.

हे जमतं का? जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात डॉ. दिदिए पिते यांनी जमवून दाखवलं. त्यांनीही फलक लावले होते, नाही असं नाही, पण मुख्य म्हणजे बाटल्या खाटांपाशी नेल्या. १९९३ ते १९९८ या काळात तिथला वापर हजार रुग्णदिवसांमागे साडेतीन लिटरवरून पंधराच्या वर गेला. हात साफ करण्याचं प्रमाण १९९४ मध्ये ४८ टक्के होतं, १९९७ मध्ये ६६ टक्के झालं. रुग्णालयातल्या संसर्गाचं प्रमाण सुमारे १७ टक्क्यांवरून १० टक्क्यांच्या आत आलं. शंभर टक्के तिथेही झालं नाही. आणि एक गंमत सांगते, सुधारणा झाली ती मुख्यतः परिचारिका आणि त्यांच्या मदतनिसांत, डॉक्टरांचं प्रमाण तिथेही कमीच राहिलं! वाचून मी एकटीच हसले.

पैशाचं कारण पुढे येईल, म्हणून सांगते. हे द्रावण रुग्णालयाच्या औषध विभागात बनवता येतं, कृती जागतिक आरोग्य संघटनेने जाहीरच केली आहे: इथेनॉल ८० टक्के, दीड टक्क्याहून थोडं कमी ग्लिसरीन, किंचित हायड्रोजन पेरॉक्साइड, बाकी उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्ड पाणी. इथेनॉलच्या परवान्यात अडत असेल तर ७५ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा पर्यायही त्यातच दिलाय. ग्लिसरीन असल्यामुळे हातही फुटत नाहीत. दिवसभर साबणाने धुऊन आमच्या हातांचं जे व्हायचं ते आम्हालाच माहीत, हिवाळ्यात भेगांत स्पिरिट गेलं की डोळ्यांत पाणी यायचं. चोरीचं म्हणाल तर बाटलीला खाटेच्या दांड्याला क्लॅम्पने पक्कं करता येतं. तरी चार बाटल्या जातील. जाऊ द्यात. वरच्या अँटिबायोटिकच्या एका दिवसाच्या खर्चात किती बाटल्या येतील याचा हिशेब स्टोअरने एकदा मांडावा.

माझी महापालिकेच्या आणि राज्याच्या आरोग्य खात्याला विनंती आहे की प्रत्येक रुग्णालयाने, खाजगीसुद्धा, महिन्याला किती लिटर द्रावण वापरलं आणि किती रुग्णदिवस झाले हे दोन आकडे वॉर्डाबाहेरच्या फळ्यावर खडूने लिहावेत. डाएटचा तक्ता लावतात तसा. नातेवाईकांना वाचता येतं आणि भागाकारही येतो.

दुसरी विनंती याहून छोटी आहे, पण तिच्याशिवाय पहिलीचा उपयोग नाही. हातांसाठीचं अल्कोहोल द्रावण कापूस-बँडेजसारखं रोजच्या खपाचं सामान धरावं, कुलपातलं नाही. ते ‘जास्त’ वापरल्याबद्दल परिसेविकेकडून खुलासा मागू नये, ‘कमी’ वापरलं गेलं तर मागावा, असं एका ओळीचं परिपत्रक काढावं. आणि निघालंच तर त्याची प्रत मेट्रनच्या ऑफिसात न थांबता वॉर्डापर्यंत यावी आणि एक प्रत स्टोअरकीपरलाही द्यावी, सही घेऊन.

आपली,
एक निवृत्त परिसेविका
भांडुप (पूर्व), मुंबई
(नाव व पत्ता संपादकांकडे)